चव्वेचाळीस नंबरच्या मागून

११ ऑगस्ट, सोमवार

संघाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डेल्विन, राग आला की लाथ मारू नकोस. लिहून काढ." म्हणून हे लिहिणं. लोखंडी कपाटाला पोचा आला त्याचं त्यांना काही नव्हतं, माझ्या पायाची काळजी होती. निदान एवढं तरी कळतं त्यांना. या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल ह्याच दोन पायांवर चालतो.

राग कशाचा? गावच्या पेपरात हंगामाआधीचा लेख आला. मथळा माझ्या नावाचा, मजकूर सगळा माझा, आणि फोटोत माझ्या शेजारी कोण? कूबी! हार्लन कुबिचेक, चव्वेचाळीस नंबर, आमचा फुलबॅक. देवानं त्याला मान दिलीच नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय. त्याचं काम काय, तर मी चेंडू घेऊन निघालो की माझ्या पुढं धावायचं आणि जो पहिला आडवा येईल त्याला जाऊन धडकायचं. झालं. चेंडूला हात नाही, पलीकडची रेघ गाठून टचडाऊन नाही. बैलालाही जमेल. आणि म्हणे फोटो!

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज नवे कोच आले. हॅसेट. तरुण आहेत, गम चघळत बोलतात. फळ्यावर आमची जुनी मांडणी काढली, आणि माझ्या पुढचं एक गोल चिन्ह बोटानंच पुसून टाकलं.

"फुलबॅक म्हणजे घरातला तारेचा फोन," ते म्हणाले. "आहे, चालतो. पण वापरतं कोण?"

सगळे हसले. कूबीसुद्धा हसला. म्हणाला, "आमच्या घरी आहे की अजून. आई वापरते."

त्याच्या जागी आता एक चपळ पोरगा लांब कडेला उभा राहणार. मैदान पसरणार, गर्दी पांगणार, मला मोकळं रान मिळणार. खरं सांगतो, मला आनंद झाला. तीन वर्षं मी त्या पाठीकडं बघत पळतोय. तो धिम्मा, म्हणून मलाही पहिली चार पावलं धिम्मं निघावं लागतं. यंदा शेवटचं वर्ष. मोठ्या व्यावसायिक संघांचे, खेळाडू हेरणारे स्काउट बघायला येतील, आणि त्यांना मी दिसेन. नुसता मी. हे जमलं नाही तर मला दुसरं काही येत नाही, हेही इथं लिहून ठेवतो. कोण वाचतंय!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

कूबीला नवं काम मिळालं. नव्या पद्धतीत चाल ओरडून सांगत नाहीत. मैदानाच्या कडेला एकजण मोठाले चित्रांचे फलक डोक्यावर धरतो. अननस म्हणजे एक चाल, ट्रॅक्टर म्हणजे दुसरी, कोणाच्या तरी आजीचा फोटो म्हणजे तिसरी. कूबीचे दंड जाड, फलक हलत नाही. कोच म्हणाले, "शाबास, कुबिचेक! जन्मच यासाठी तुझा."

मी त्याला म्हटलं, "वाईट वाटलं का रे?"

"वाटतं की," तो म्हणाला. "पण अननस मीच धरणार, हे मी सांगून टाकलंय."

काय बोलावं अशा माणसाशी!

६ सप्टेंबर, शनिवार

पहिला सामना जिंकलो. पण मला विचारू नका. समोरचा संघ म्हणजे अगदीच पोरंटोरं, आणि त्यांनीही मला दर वेळी दोन पावलांत आडवं केलं. कोच म्हणतात मैदान पसरलंय. कुठं पसरलंय? मला तर वळायलाही जागा नव्हती. आमच्या पुढच्या रांगेतले पाचही जाडे आळशी झालेत. उन्हाळाभर बिअर पीत बसले असणार. त्यांच्या अंगावरून मी पुढं जातो तोच समोरच्यांचा मधला लाइनबॅकर, धावणाऱ्याला पाडणारा, माझी वाटच बघत उभा. असा उभा, जणू मी त्याला पत्र पाठवून कळवलं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

कालच्या सामन्याची फिल्म बघितली. रविवारचा आमचा हा रिवाज. अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि कोचनी लाल ठिपका फिरवत एकेकाची कातडी सोलायची. मला म्हणाले, "धीर धर, डेल्विन. रान दिसायला वेळ लागतो."

कूबी शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. कानात म्हणाला, "राजे, त्यांचा तो मधला पंचावन्न नंबर तुझ्याकडं बघतोय. त्याला अडवायला कोणी गेलंच नाही."

"मग मी काय करू?"

"तू काय करणार," तो म्हणाला आणि पुन्हा बिया सोलायला लागला.

म्हणजे टोमणाच ना हा? फलक धरणाऱ्यानं मला शिकवायचं!

२० सप्टेंबर, शनिवार

हरलो. डाव्या बरगडीवर हेल्मेट बसलं. श्वास घेतला की कळ येते, हसलो तर जास्त. बरं झालं, हसण्यासारखं काही नाहीच.

एक गोष्ट फार डोक्यात गेली. मी निघायच्या आधी कडेवरून कूबी ओरडतो, "डावीकडून येतोय! डावीकडून!" आणि येतो तो डावीकडूनच. पण माझं लक्ष उडतं ना! मध्यंतरात त्याला झापला. "तू गप्प अननस धर!" त्यानं अननस उचलला. दुसऱ्या अर्ध्यात तो ओरडलाच नाही. मला तीनदा डावीकडून हाणलं.

५ ऑक्टोबर, रविवार

ओमाहाहून आईचा फोन. कालचा सामना तिनं कामावर, दवाखान्यातल्या टीव्हीवर बघितला. रात्रपाळीच्या नर्स सगळ्या जमल्या होत्या म्हणे. चांगला तमाशा झाला माझा.

"तो तुझा जाडा कुठाय?" तिनं विचारलं.

"कुठला?"

"अरे, चव्वेचाळीस. मला तर तुम्ही सगळे सारखेच दिसता, डोक्याला ते टोपडं घालून. मी आपली त्याच्यावर नजर ठेवायची. तो जिथं घुसला तिथून तू बाहेर येणार, हे मला पाठ. आता मला तू सापडतच नाहीस. सापडतोस तेव्हा पडलेला असतोस."

मी म्हटलं, "आई, खेळ बदललाय. तुला नाही कळायचं."

"नसेल कळत," ती म्हणाली. "बरगडीला शेक दे."

१८ ऑक्टोबर, शनिवार

बसवलं मला! मला! दुसऱ्या वर्षाचा तो वॉडेल नावाचा पोरगा माझ्या जागी धावला. मी कडेला, हातात पाण्याची बाटली, शेजारी अननसवाला कूबी. वर गॅलरीत एक स्काउट होता, टोपीवरून ओळखला. त्यानं पहिल्या अर्ध्यातच वही मिटली आणि गेला. वॉडेललाही समोरच्यांच्या मधल्या माणसानं गहू मळावा तसा मळला, तेव्हा जीव जरा थंड झाला. देवा, माफ कर, पण झाला.

संध्याकाळी कूबी खोलीवर आला. डब्यात त्याच्या आईनं दिलेली खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल. चिलीत रोल बुडवून खाताना मला एकदम रडू आलं. लाज वाटली. तो खिडकीतून बाहेर बघत बसला, माझं आवरेपर्यंत.

मग म्हणाला, "राजे, तू निघायच्या आधी जिथं जायचंय तिथं बघतोस. पूर्वी चालायचं. तुझे डोळे कोणाला दिसत नव्हते."

"का नव्हते?"

"मी मधे होतो ना."

जाड्याला स्वतःच्या आकाराचं फार कौतुक.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय दिवस होता!

शेवटचा सामना, आपलं मैदान, आणि वारा असा की गोलाचे खांब वाकत होते. सकाळपासून नेब्रास्काचा सगळा पाचोळा आमच्या तोंडावर. फेकलेला चेंडू भलतीकडंच. कोच हॅसेटची सगळी चपळ पोरं कडेला नुसती हात चोळत उभी. मध्यंतरापर्यंत आम्ही मागे. मग कूबीनं ट्रॅक्टरचा फलक वर केला, आणि एवढा मोठा झोत आला की फलक त्याच्या हातून सुटून सरळ गॅलरीत, बँडमधल्या तुतारीवाल्याच्या अंगावर. सगळं मैदान हसलं.

कोच हसले नाहीत. गम थुंकले. चाल कळवायला फलक टिकत नाही, चेंडू फेकायला वारा देत नाही. कूबीकडं बघून म्हणाले, "कुबिचेक, हेल्मेट आहे का तुझं?"

"आहे, कोच. रोज आणतो."

"घाल मग."

जुनी चाल सगळ्यांना पाठच होती. तीन वर्षं तीच तर खेळलो. आणि काय सांगू, माझे पाय परत आले! कुठं गेले होते कोण जाणे. चेंडू हातात आला की समोर वाट. नुसती वाट. पुन्हा तीच चाल, पुन्हा वाट. त्यांना ठाऊक होतं आम्ही काय करणार, तरी थांबवता येईना. दोन टचडाऊन, सामना खिशात. लोक माझं नाव घेऊन ओरडत होते.

कारण मला कळलंय. मध्यंतरात मी बूट बदलले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेपरात पहिल्या पानावर फोटो. मी हवेत, चेंडू काखेत. छान आलाय. फक्त खालच्या कोपऱ्यात कोणाचे तरी दोन बूट वर झालेले दिसतात, त्यानं जरा विचका झाला. आईला पाठवताना कापून पाठवला.

१२ जानेवारी, सोमवार

स्काउटांना पाठवायला माझ्या धावांचा व्हिडिओ तयार करतोय. यंदाचं फारसं काही नाही, शेवटचा सामना सोडला तर. पण आधीची तीन वर्षं पोत्यानं पडलीत. प्रत्येक तुकड्याचे पहिले दोन सेकंद उडवले. त्यांत नुसती रेटारेटी आणि माती. मी मोकळ्यावर आलो की तिथून सुरू. फार झकास झालंय. वाऱ्यासारखा दिसतो मी.

कूबी डिसेंबरात पदवी घेऊन मक्याच्या गोदामात लागला. गावच्या टोकाला ती उंच कोठारं आहेत, तिथं. परवा दुकानात भेटला, भुवयांवर भुसा. सकाळी एकटाच पळायला जातो म्हणे. कशासाठी विचारलं, तर म्हणाला, "सवय जात नाही."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फोन आला! मोठ्या संघाचे स्काउट, गॅल्ब्रेथ नावाचे. आवाज खरखरीत, मागं मोटारींचा आवाज. मी उभा राहूनच बोललो.

"व्हिडिओ पाहिला," ते म्हणाले. "प्रत्येक तुकड्यात तू आधीच मोकळ्या रानात असतोस. तिथं पोचलास कसा?"

"पळत, सर."

ते खोकले की हसले, कळलं नाही. "ते झालंच. पण सुरुवात बघू दे. अख्खी फिल्म पाठव, न कापता."

सगळी पाठवली. आता झालंच समजा. आईला मात्र अजून सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा गॅल्ब्रेथ. मी "हॅलो" म्हणायच्या आत विचारलं, "हा चव्वेचाळीस कोण?"

"आमचा फुलबॅक, सर."

"आमचे कोच जुन्या वळणाचे आहेत," ते म्हणाले. "असा पुढं धडकणारा माणूस लागतो त्यांना, आणि हल्ली कुठलं कॉलेज तो तयार करत नाही. या पोराचे खांदे बघ, आपटतो तो बरोबर खालून आपटतो. आणि दोन सामन्यांत मी पाहिलं, एकाला पाडून उठून दुसऱ्याला गाठलंय. यंदा तो शेवटचा अर्धा सामना सोडला तर दिसत नाही. दुखापत?"

"नाही, सर. अननस..." मी थांबलो.

"काय?"

"काही नाही."

"बरं. त्याला अजून खेळायचंय का? ही शेतावरची पोरं, मन उडालं की उडालं. उगाच फोन करून उपयोग नाही. तू ओळखतोस त्याला, तू सांग."

आणि मी सांगितलं, "मन उडालंय त्याचं, सर. मक्याच्या गोदामात लागलाय. खूश आहे."

"अरेरे," ते म्हणाले. "मग राहू दे."

"आणि माझं, सर?"

"तुझं बघतो," ते म्हणाले. तारीख नाही, वार नाही, नुसतं बघतो.

खोटं काय बोललो मी? गोदामात आहेच ना तो? खूश दिसतोच ना? चार वर्षं मी रक्त आटवायचं आणि शेवटी फोन येणार तो धडक मारणाऱ्याला? हा काय न्याय झाला? धावणाऱ्याशिवाय त्याच्या धडकेला अर्थ काय? कोणाला विचारलं तर हसेल.

कोणाला विचारणार पण.

१ मार्च, रविवार

झोप नाही, जेवण नाही. शेवटी म्हटलं, बघू तरी त्या म्हाताऱ्या गॅल्ब्रेथला काय एवढं दिसलं. फिल्म लावली. सुरुवातीपासून, न कापता.

दुसऱ्या वर्षीची ती लांब धाव, जी मी शंभरदा पाहिली असेल. चेंडू माझ्या हातात यायच्या आधीच कूबी निघालेला. तो मधला माणूस अंगावर येतोय, मला तर तो त्या दिवशी दिसलाही नव्हता. कूबी खाली वाकतो, त्याच्या छातीखाली घुसतो, दोघं जमिनीवर. मी त्यांच्या बाजूनं निघून जातो. मी जातो आणि कॅमेरा माझ्यामागे.

पण कोपऱ्यात थोडा वेळ तो दिसतो. मातीत पालथा पडलाय, वर दोन माणसं, आणि त्यानं डोकं उचललंय. मी किती लांब जातोय ते बघतोय. मी पार पुढं गेल्यावर तिथूनच, पडल्या पडल्याच, हात वर करतो. टचडाऊनचा.

पुढचा तुकडा लावला. तिथंही डोकं वर. त्याच्या पुढचाही. सगळे लावले. दर वेळी पडलाय, दर वेळी बघतोय. मी एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही. धावणाऱ्यानं मागं बघायचं नसतं, पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण टचडाऊन झाल्यावर? तेव्हा तर बघायला कोणी मनाई केली नव्हती.

शरम वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या लिहिलं की बरं वाटेल. नाही वाटत.

२ मार्च, सोमवार

सकाळी गोदामावर गेलो. कूबी फावडं घेऊन मक्याच्या ढिगाशी उभा होता. मला बघून म्हणाला, "काय राजे, वाट चुकलात?"

मी सगळं एका दमात सांगितलं. गॅल्ब्रेथ, चव्वेचाळीस, काय विचारलं ते. त्यानं फावडं खाली ठेवलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुझं मन उडालंय."

त्यानं एकेक करून हातमोजे काढले. चार वर्षांत त्याला रागावलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखताच आलं नाही. मग तो खाली वाकला. एवढंच दिसलं. पुढच्या क्षणी मी हवेत, आणि मग पाठीवर, मक्याच्या ढिगात, कानात दाणे. छातीत श्वासच येईना. आकाश दिसत होतं आणि कुठंतरी लांबून कूबीचा आवाज येत होता, "गाढवा! अरे गाढवा! रोज सकाळी थंडीत मरायला पळतो का मी?"

समोरच्या त्या लाइनबॅकरांना चार वर्षं काय वाटत असेल ते मला तिथं पडल्या पडल्या कळलं. आपण काय करणार होतो तेच विसरायला होतं.

"लाव फोन," तो म्हणाला.

मी झोपूनच लावला. गॅल्ब्रेथना सांगितलं, "सर, मी खोटं बोललो. तो इथंच आहे." आणि फोन वर धरला. कूबीचं बोलणं म्हणजे नुसतं "हो सर", "नाही सर", "उद्याही येतो सर". मग मधेच म्हणाला, "धावणारा ना? जलद आहे, सर. आधी बघतो कुठं जायचंय ते, पण जलद आहे." हे म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावरच कळलं. फोन ठेवून म्हणाला, "मला एप्रिलात चाचणीला बोलावलंय. तुझं म्हणाले..."

"धावणारे पुष्कळ आहेत," मी वाक्य पुरं केलं.

"हो."

मी ढिगातच बसून राहिलो. वाटलं होतं रडू येईल किंवा लाथ मारावीशी वाटेल. दोन्ही झालं नाही. नुसतं रिकामं वाटलं, भूक लागल्यासारखं. कूबीनं टोपी काढली, भुसा झटकला, पुन्हा घातली.

"मला महिनाभर सराव लागेल," तो म्हणाला. अजून घुश्श्यातच होता. "झाडावर जाऊन आपटू का मी? सकाळी सहाला मैदानावर ये. ती सरावाची जाड गादी असते ना, ती धरून समोर उभा राहा. आणि हलायचं नाही."

"रोज?"

"रोज."

संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं, निवड झाली नाही हेही. तिनं आधी बरगडीचं विचारलं. मग म्हणाली, "गादी छातीशी घट्ट धर. आणि पाय रोवून उभा राहा, डेल्विन. तो मुलगा मधे थांबत नाही."